शिकागोची कोहो ट्रिप, जरूर करा

एप्रिलच्या शेवटी लेक मिशिगनवर चार्टर (कॅप्टनसह भाड्याच्या) बोटीने कोहो सॅल्मन पकडायला गेलो, पहाटे पाचला हार्बरवर, थंडी अशी की हातमोज्यात पण बोटं बधिर. या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात, म्हणजे गळ टाकून बसणं नाही, बोट ताशी साधारण अडीच मैलाने चालतच राहते आणि मागे बरेच रॉड, प्लेनर बोर्डमुळे (बाजूला ओढणाऱ्या तरंगत्या फळ्या) दोरे बाजूला लांब पसरतात म्हणून गुंता होत नाही. वसंतात कोहो वरच्या पाण्यात असतो म्हणून लाल डॉजर (माशाचं लक्ष वेधणारी पट्टी) आणि मागे छोटी फ्लाय (नकली आमिष), उन्हाळ्यात चिनूक (सॅल्मनचीच दुसरी जात) थंड पाण्यासाठी खोल जातो तेव्हा डाउनरिगर (वजनाने गळ खोल नेणारं साधन) लागतो, हे सगळं कॅप्टनने माझ्या मुलीला इतक्या प्रेमाने समजावलं की मन भरून आलं. कोहो मूळचा इथला नाही बरं का, १९६६ ला मिशिगन राज्याने सोडला, लेक ट्राउट मात्र इथलाच. नऊ कोहो, एक ट्राउट मिळाला! तक्रार एकच, केबिन फार लहान, लाटा वाढल्यावर आईला नीट बसायला जागा नव्हती. मासे साफ करून दिले. घरी आगळ, हळद, तिखट लावून रव्यात तळले, सुरमईची चव नाही पण मऊ, मस्त. मासेमारीचं लायसन्स आधीच ऑनलाइन काढा.