दोन लहान मुले आणि एक रिंग स्लिंग : सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

धाकटीला सहा आठवडे पूर्ण झाले तेव्हा मोठा सव्वादोन वर्षांचा होता. सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा लसीकरणाच्या तीन फेऱ्या समोर होत्या. मुलांच्या बाबांना त्या दिवसांत रजा मिळण्यासारखी नव्हती, सासूबाईंच्या गुडघ्यांना दवाखान्याचा जिना झेपत नव्हता, आणि मोठ्याला घरी ठेवून निघावे तर तो दाराशी रडून रडून घसा बसवून घेई. तेव्हा दोघांनाही घेऊन कोथरूडहून डेक्कनला एकटीनेच जायचे आणि परत यायचे, हे ठरून गेले होते. कडेवर कोणाला घ्यायचे, हा एकच प्रश्न उरला होता. त्यासाठी घेतलेली रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांची खांद्यावरून घ्यायची झोळी, मी फेब्रुवारीच्या अखेरीपासून आजपर्यंत जवळजवळ रोज वापरली आहे.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. सुमारे दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद हातमागाचे सुती कापड, आणि त्याच्या एका टोकाला चुण्या घालून शिवलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन कड्या. मोकळे टोक दोन्ही कड्यांतून खालून वर घ्यायचे आणि मग वरच्या कडीवरून फिरवून फक्त खालच्या कडीतून बाहेर ओढायचे. बाळाचे वजन आले की कापड कड्यांमध्ये आपोआप आवळले जाते. हिला बकल नाही, चिकटपट्टी नाही, कमरेचा पट्टाही नाही. हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता, कारण माझे सिझेरियन झाले होते आणि बकलांच्या नेहमीच्या बेबी कॅरिअरचा जाड पट्टा नेमका टाक्यांच्या रेषेवर येत होता. स्लिंगचा सगळा भार एका खांद्यावर आणि पाठीवर पडतो, पोटाला काहीही दाबत नाही. मी तिला २,६०० रुपये मोजले.

त्याआधी बाबागाडीचा प्रयोग करून झाला होता. नणंदेने तिच्या जुळ्या मुलांची, शेजारी शेजारी दोन आसने असलेली बाबागाडी मोठ्या प्रेमाने पाठवली होती, आणि गाडी म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पण ती आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या दारातून सरळ आत जात नव्हती. घडी घालायची तर आधी दोन्ही मुलांना बाहेर काढायला हवे, आणि काढलेल्या तान्ह्या बाळाला ठेवायचे कुठे? रस्त्यावर तर त्याहून कठीण. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या पदपथावर ती सुरेख चालली, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; मोठा त्या दिवशी फार खुशीत होता. मात्र आमच्या गल्लीपासून मेट्रोच्या स्थानकापर्यंतच्या वाटेवर उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, पदपथावर लावलेल्या दुचाक्या आहेत, त्या दुचाक्या अडवण्यासाठी रोवलेले खांब आहेत, आणि दर पन्नास पावलांवर पदपथ तुटून वीतभर खाली उतरतो. दोन मुलांसकट ती गाडी उचलणे एका माणसाचे काम नाही. आठ दिवसांत ती परत गेली.

स्लिंग घालण्याची सवय व्हायला मला साधारण दहा दिवस लागले, आणि ज्यांना ती घ्यायची आहे त्यांनी एवढा वेळ हाताशी ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी बाहुलीवर सराव केला, मग पलंगाशेजारी उभे राहून बाळावर. बाळाला उभे धरून छातीशी घ्यायचे, त्याचे पोट आपल्या पोटाला टेकवायचे, कापडाची खालची कड त्याच्या दोन्ही गुडघ्यांखाली नेऊन मध्ये खोलगट बैठक करायची आणि मग मोकळे टोक थोडे थोडे ओढत पाठीवरचे सैल कापड आवळत आणायचे. सगळे टोक एकदम ओढले तर कड्यांत गोळा होतो आणि खांदा दुखतो. वरची कड वेगळी आणि खालची कड वेगळी ओढली, तर झोळी अंगाला घट्ट आणि सारखी बसते. कड्या गळ्याच्या हाडाच्या जरा खाली याव्यात, आणि चुण्या खांद्यावर नीट पसरलेल्या असाव्यात. हे एकदा हाताला लागले की मोठ्याच्या पायात चप्पल चढवायला लागतो त्याहून कमी वेळ पुरतो.

सुरक्षिततेबद्दल मात्र घाईने लिहिणे योग्य होणार नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबाबत इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांत तिथे किमान १४ बालमृत्यूंची नोंद झाली होती आणि त्यांतली १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. तान्ह्या बाळाच्या मानेत जोर नसतो. पिशवीसारख्या सैल झोळीत ते वाकडे निजले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते, किंवा नाकाशी कापड येते, आणि ते बाळ रडूसुद्धा शकत नाही. म्हणून मी बाळाला स्लिंगमध्ये आडवे कधीच ठेवले नाही. मान खाली न वाकवता तिचा चेहरा दिसला पाहिजे, ओठ टेकवता येतील इतके तिचे डोके जवळ असले पाहिजे, हनुवटीखाली माझी दोन बोटे सरकली पाहिजेत, पाठीला आधार मिळाला पाहिजे आणि कापड घट्ट असले पाहिजे, हे सारे मी दाराबाहेर पडण्यापूर्वी रोज पाहते. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सर्दीने चोंदलेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ही झोळी वापरू नये.

सासूबाईंना पहिल्यांदा ती बैठक पाहून काळजी वाटली होती. "अगं, पाय फाकतील ना तिचे," त्या म्हणाल्या. मी तीच शंका आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारली, तेव्हा त्यांनी उलट समाधान व्यक्त केले: गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आणि मांड्या बाजूला, ही बेडकासारखी ठेवण खुब्याच्या सांध्याला पोषक असते, आणि पाय सरळ करून घट्ट गुंडाळणे हेच त्या सांध्याला बाधक ठरते. मग सासूबाईंनीच आठवण काढली की त्यांच्या आई शेतात जाताना जुन्या लुगड्याने लेकराला पाठीशी बांधत आणि बांधावर पोहोचल्यावर तेच लुगडे बाभळीला झोळी म्हणून टांगत. आजही ऊसतोडीला आणि बांधकामावर जाणाऱ्या बाया तेच करतात. त्यांच्यापासून आलेली ही विद्या माझ्यापर्यंत मात्र विकत घेऊन पोहोचली, याची मला खंत वाटते. घरातल्या कोणा वडीलधाऱ्या बाईने हाताला धरून शिकवली असती तर दहा दिवस लागले नसते.

या वस्तूचा खरा लाभ धाकटीला नाही, मोठ्याला झाला. माझे हे मत रोजच्या अनुभवावर बसलेले आहे. बाळ झाल्यापासून त्याच्या वाट्याला "थांब जरा", "हळू", "आत्ता नाही" एवढेच येत होते. बाळ हातात असले की त्याच्यासाठी हात मोकळा नसे. स्लिंग आल्यावर बाळ छातीशी झोपलेले आणि माझे दोन्ही हात रिकामे, असे प्रथमच झाले. दहाव्या आठवड्याच्या लसीला निघालो त्या सकाळची गोष्ट आहे. पौड रस्त्याच्या कडेला भाजीच्या हातगाडीवरून एक लिंबू घरंगळत रस्त्यावर गेले आणि क्षणाचाही विचार न करता मोठा त्याच्यामागे धावला. त्याचे मनगट माझ्या मुठीत होते म्हणून तो एकच पाऊल जाऊ शकला. पुढच्याच क्षणी एक दुचाकी त्या लिंबावरून गेली. भाजीवाल्या मावशींनी दुसरे लिंबू त्याच्या हातात ठेवले आणि ते तो दवाखान्यापर्यंत नाकाशी धरून हुंगत राहिला. बाळ त्या दिवशी हातात असते तर मी त्याला कशाने धरले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

रोजच्या प्रवासात मेट्रो आणि स्लिंग यांची जोडी उत्तम जमते. आनंदनगरहून आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज आणि डेक्कन जिमखाना एवढाच माझा टप्पा. स्थानकात लिफ्ट आहे, डबा गार आहे, आणि बाळ बांधलेले पाहून कोणी ना कोणी उठून जागा देते. सरकत्या जिन्यावर मात्र मी दोघांना घेऊन चढत नाही, कारण मोठ्याला पाय उचलण्याची वेळ साधत नाही. एसटीने गावी गेलो तेव्हा धाकटीला पाजण्यासाठी बसस्थानकावरचा हिरकणी कक्ष उपयोगी पडला. गाडीत खिडकीशी बसून स्लिंगच्या मोकळ्या टोकाचा आडोसा करूनही पाजता आले, फक्त पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा उभे करून कापड नव्याने आवळून घ्यायला विसरू नये.

वाहनाच्या बाबतीत एक गैरसमज मला अनेक आयांकडून ऐकायला मिळाला, तो इथे दूर करणे आवश्यक वाटते. स्लिंग हे चालण्याचे साधन आहे, अपघातात ते बाळाचे रक्षण करत नाही. आपल्या छातीशी बांधलेले बाळ गाडी जोरात थांबली तर आपल्याच वजनाखाली सापडते. मोटारीत धाकटी मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवलेल्या बाळांच्या आसनातच असते. लहान मुलांना पट्टा किंवा आसन न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १,००० रुपये दंडही आहे. दुचाकीवर तर तान्हे बाळ नेऊच नये. चार वर्षांखालील मुलांसाठी हार्नेस, नऊ महिन्यांपुढच्या मुलांना स्वतःचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, आणि स्लिंग म्हणजे तो हार्नेस नव्हे. रिक्षात नाइलाजाने बसते तेव्हा बाळाच्या डोक्यामागे माझा तळवा सतत असतो, रिक्षावाल्या दादांना आधीच सावकाश चालवायला सांगते, आणि पावसात लांबचे अंतर असेल तर जाणे पुढे ढकलते. घरातही गॅसपाशी किंवा कढत चहा हातात घेऊन मी स्लिंग कधी घालत नाही.

चौदाव्या आठवड्याची फेरी एप्रिलच्या उकाड्यात झाली. अंगाभोवती दोन-तीन वेढे घ्यावे लागतात त्या लांब कापडापेक्षा रिंग स्लिंगचा एकच पदर असल्यामुळे वारा लागतो, तरी माझ्या आणि तिच्या मध्ये घाम येतोच. मी मध्ये मलमलीचे धुवट दुपटे ठेवते, तिला एकच झबले घालते आणि अकराच्या आत घरी परतते. पावसाळ्यात कापड वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून दुसरी स्लिंग असावी असे फार वाटते. धुताना कड्यांवर जुना मोजा बांधला की त्यांना चरे पडत नाहीत.

उणिवाही आहेत. भार एकाच खांद्यावर येत असल्याने अर्ध्या तासानंतर मान भरून येते; रोज खांदा बदलावा लागतो, आणि डाव्या खांद्यावर घालायला मला नव्याने शिकावे लागले. बाळ सात किलोंच्या पुढे गेल्यावर हा त्रास अधिक जाणवतो. पहिली स्लिंग मी ऑनलाइन मागवली होती. तिच्या एका कडीला जोड होता आणि तो बोटाला खरखरीत लागत होता. मी ती परत केली आणि पैसे मिळायला पंचवीस दिवस लागले. कडीवर जोड, चीर किंवा टोक दिसले तर ती अजिबात वापरू नका, आणि शिवण ओढून पाहिल्याशिवाय बाळाला आत बसवू नका. आणखी एक चूक माझी स्वतःची होती. रस्ता ओलांडताना मोठ्याला मी स्लिंगचे लोंबते टोक धरायला शिकवले होते. "शेपटी धर" म्हटले की तो आनंदाने धरायचा. पण ते टोक ओढले की झोळी आवळते, आणि एकदा कापडाची कड बाळाच्या गालावर रुतलेली मला दिसली. त्या दिवसापासून ते बंद केले. आता माझ्या पिशवीच्या पट्ट्याला जुन्या साडीच्या काठाची एक कडी शिवली आहे, आणि गर्दी नसलेल्या जागी शेपटी म्हणून तो तीच धरतो. रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा हातच.

ज्या आईला एकटीने दोन लहानग्यांना घेऊन जवळपास फिरायचे आहे, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत आणि सिझेरियननंतर, तिने ही झोळी अवश्य घ्यावी. लांबच्या चालण्यासाठी किंवा थोराड बाळासाठी दोन्ही खांद्यांचे कॅरिअर बरे; मीही नवव्या महिन्याच्या लसीपर्यंत तेच घेणार आहे. तोवर ही स्लिंग रिकामी राहणार नाही. परवा बागेतून येताना धाकटी आजीकडे होती आणि मोठ्याचे पाय दुखत होते. त्याने पिशवीतून स्लिंग स्वतः ओढून काढली, दोन्ही कड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "आई, आता मी बाळ." बारा किलोंचा आहे तो, कडेवर बसवून, कापड त्याच्या बगलेपर्यंत आवळून, कोपऱ्यावरच्या भाजीच्या हातगाडीपासून दारापर्यंत त्याला तसेच आणले.