क्रेडिट कार्डाची थकबाकी: हप्ते पाडून घ्यावेत की सेटलमेंट करावी?

मावसभावाने चार महिन्यांची स्टेटमेंट जेवणाच्या टेबलावर मांडली आणि म्हणाला, "दर महिन्याला सहा हजार भरतोय रे, एकही तारीख चुकवली नाही. आकडा हलतच नाही." आम्ही शेवटच्या स्टेटमेंटच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडला. थकबाकी 1,20,000. महिन्याचं व्याज साडेतीन टक्के, म्हणजे 4,200. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 756. त्याने भरलेल्या सहा हजारांतून मुद्दलाकडे गेले फक्त 1,044 रुपये. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

त्याला त्याच आठवड्यात कुणा सल्लागाराचा फोन आला होता: "कार्डाचे पैसे भरणं बंद करा, आम्ही निम्म्यावर सेटलमेंट करून देतो." निम्म्यावर सुटका म्हटल्यावर कुणालाही मोह होणारच. पण हप्ते पाडून घेणं आणि सेटलमेंट करणं हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत.

आधी हप्त्यांचं बघू. तुम्ही अजून बिलावरची किमान रक्कम (मिनिमम ड्यू) भरताय, किंवा एखाददुसरा महिनाच चुकलाय, तर बँकेला सांगून पूर्ण थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागता येते. समजा तेच 1,20,000 वर्षाला 16 टक्क्यांनी, 24 महिन्यांसाठी मिळाले. हप्ता बसतो साधारण 5,875 रुपये. व्याजावर जीएसटी लागतो, पण तो पहिल्या महिन्यात 288 आणि पुढे कमी कमी होत जातो. म्हणजे खिशातून जवळपास तेवढेच सहा हजार जातात, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे 24,800 रुपये जास्त जातात. मूळ रक्कम पूर्ण फिटत असल्याने आणि हप्ते वेळेवर गेल्याने सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, नवा डाग लागत नाही.

इथे घासाघीस करायला जागा असते. ॲपमध्ये दिसलेला पहिलाच दर मान्य करू नका. ग्राहक सेवेला फोन करून नेमकं विचारा: व्याजदर किती, प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आधी लागलेली लेट फी माफ कराल का? उत्तर ईमेलवर मागा. मात्र "वर्षाला 30 टक्क्यांवर व्याज बेकायदा आहे" हे बोलू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तसा निर्णय दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो रद्द केला. आणि हप्ते बांधून होईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

आता सेटलमेंट. यात बँक थकबाकीचा काही भाग सोडते आणि उरलेली रक्कम एकरकमी किंवा दोन-तीन टप्प्यांत घेते. नियमित भरणाऱ्याला बँक हे सहसा देऊ करत नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए (अनुत्पादित कर्ज) होतं आणि बोलणी बहुतेक त्यानंतर सुरू होतात. सल्लागार "पैसे भरणं बंद करा" म्हणतो ते खातं असं थकावं म्हणूनच. त्या महिन्यांत व्याज, लेट फी, वसुलीचे फोन सगळं चालू असतं, म्हणजे सूट मिळते ती फुगलेल्या आकड्यावर. त्याच बँकेत पगाराचं खातं असेल तर बँक बहुतेक करारांतल्या अटीवर बोट ठेवून त्यातून पैसे वळते करू शकते. शिवाय सिबिल अहवालात खात्यापुढे 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असं लागतं आणि ते अनेक वर्षं राहतं. गृहकर्जाच्या वेळी बँकवाले आधी तेच बघतात. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार तडजोड करणाऱ्या ग्राहकाला ती बँक, शेतीकर्ज सोडून, किमान 12 महिने नवं कर्ज देत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. पगार चालू असेल आणि किमान रकमेएवढा हप्ता झेपत असेल, तर सेटलमेंटच्या वाटेला जाऊ नका. नोकरी गेली असेल, घरात मोठं आजारपण आलं असेल, खातं आधीच थकलेलं असेल आणि कुणी नातेवाइकांनी एकरकमी पैसे उभे करून दिले असतील, तर सेटलमेंट जरूर करा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरात सोनं पडून असेल तर आधी सोनेतारण कर्जाचा दर विचारून घ्या. कार्डाच्या व्याजापेक्षा तो बहुधा कितीतरी कमी निघतो, फक्त दागिने सोडवायची तारीख सांभाळावी लागते.

वसुलीच्या फोनांना घाबरून निर्णय घेऊ नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला एजंटांना मनाई आहे. धमकी दिली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. लोकअदालतीची नोटीस आली तर ती अटकेची नोटीस नसते. जा आणि बोला. पण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे झेपेल तेवढ्याच रकमेला हो म्हणा.

सेटलमेंट ठरलीच तर पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात घ्या. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि "यानंतर कोणतीही बाकी राहणार नाही" हे वाक्य हवंच. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. भरल्यावर नो ड्यूज (काहीही बाकी नाही) पत्र घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून त्या खात्यापुढची बाकी शून्य झालीय का ते बघा.

मावसभावाने 24 हप्ते बांधून घेतले. दोन वेळा फोन केल्यावर प्रोसेसिंग फीही माफ झाली.