३८,५०० रुपयांची पेटी आणि चमचाभर मीठ

मी कृषी पदवीधर आहे. माती कशी बघायची ते चार वर्षं शिकलोय, परीक्षेत लिहिलंय, आणि तरीही मातीच्याच बाबतीत फसलो. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात सल्ल्याचं काम सुरू करणाऱ्या पोरांनी हे वाचावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

गेल्या हिवाळ्यात नाशकात एक कृषी प्रदर्शन होतं. एका स्टॉलवर ‘मृदा सर्वेक्षण किट’ मांडलेलं. काळी पेटी, आत फोमच्या खाचांत सगळं बसवलेलं: सात गोष्टी एकदम मोजणारं मीटर, मातीच्या रंगांचं पुस्तक, गिरमिट, सामू म्हणजे पीएच (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी) बघायचं पेन, चुनखडी तपासायची ॲसिडची बाटली आणि एक पेन ड्राइव्ह. त्या ड्राइव्हमध्ये ‘महाराष्ट्रातल्या प्रत्येक गटाची माती’, म्हणजे सातबाऱ्यावरच्या गट नंबरनुसार माती, आहे म्हणे. स्टॉलवरचा माणूस गोड बोलायचा. त्याने दोन कुंड्या ठेवल्या होत्या, एक खत घातलेली आणि एक बिनखताची. मीटरच्या सळया खुपसल्या की पहिल्या कुंडीत नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे भसाभस चढायचे, दुसरीत शून्याच्या आसपास. खताची कुंडी ओली होती आणि बिनखताची कोरडी ठणठणीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डोक्यापर्यंत पोचलं नाही.

३८,५०० रुपये. फोनवरून भरले, एका माणसाच्या नावाच्या खात्यात. बिल मागितलं तर ‘जीएसटीचं बिल मेलवर येईल सर’ म्हणाला आणि छापील पॅडवर रक्कम लिहून दिली. त्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही.

पहिलंच गिऱ्हाईक दिंडोरी तालुक्यातले तात्या. वडिलांच्या ओळखीचे. चार एकरांत नवी द्राक्षबाग लावायची होती. जमीन उताराची, वरच्या अंगाला हात-दीड हातावर मुरूम लागतो आणि खाली नाल्याकडे काळी खोल. मी दिवसभर मीटर खुपसत फिरलो. सामू सगळीकडे ६.९, ७ असाच. ॲसिडचे थेंब टाकले, कुठेच बुडबुडा नाही. पेन ड्राइव्हमध्ये गट उघडला, तिथेही सगळं एकसारखं. रंगीत छपाईचा अहवाल दिला: सामू उत्तम, चुना नाही, सुधारणा नको.

तात्या काही बोलले नाहीत. पण त्यांनी त्याच शेतातली माती स्वतःच शासकीय प्रयोगशाळेत दिली होती. दोन आठवड्यांनी फोन आला. ‘भाऊ, तुझ्या मशीनमधी सामू सात हाये आन् लॅबवाले ८.३ म्हणतात. चुना १४ टक्के. दोघातलं खोटं कोण बोलतंय तेवढं सांग.’

द्राक्षवाल्याला या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीत लोह असून वेलीला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लागवडीआधी कळलं तर गंधक, शेणखत आणि कोणत्या खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या झाडावर) बाग घ्यायची, यांचा विचार करता येतो. बाग लागल्यावर मग फवारण्यांवर फवारण्या. माझ्या अहवालावर विसंबले असते तर तात्यांचं काही लाखांचं काम वाकडं गेलं असतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात बसून एकेक वस्तू तपासली. आधी मीटर. पेल्यात फिल्टरचं पाणी घेतलं, सळया बुडवल्या: नत्र ०, स्फुरद ०, पालाश ०. मग चमचाभर साधं मीठ घातलं. तिन्ही आकडे एकदम चढले, आणखी चिमूटभर घातलं की आणखी, एकमेकांच्या ठराविक पटीत. मिठात नत्र कुठून येणार? बायको म्हणाली, ‘वरणात घालून बघा, बागेला वरणच घालता येईल.’ प्रकार असा की असली स्वस्त मीटरं फक्त विद्युत वाहकता (ईसी), म्हणजे पाण्यातून किंवा मातीतून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतात आणि तिलाच ठरलेल्या आकड्यांनी गुणून नत्र, स्फुरद, पालाश दाखवतात. ओल वाढली तरी वाहकता वाढते. म्हणून ती ओली कुंडी. तुम्हाला कोणी असं यंत्र दाखवलं तर खिशात मिठाची पुडी घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे.

ॲसिडच्या बाटलीतला थेंब दारातल्या शहाबादी फरशीवर टाकला. शहाबादी म्हणजे चुनखडकच, १० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं तर फसफसायलाच हवं. ढिम्म. बाटलीत पाणी होतं की आणखी काही, मी चाखून पाहिलं नाही.

गंमत म्हणजे सामूचं पेन बरं निघालं. औषधी दुकानांच्या गल्लीत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून बफरच्या, म्हणजे पाण्यात विरघळवल्या की ठरलेला सामू देणाऱ्या, गोळ्या आणल्या, ४, ७ आणि ९.२ च्या. पेनाने तिन्ही जवळपास बरोबर दाखवले. एक भाग माती, अडीच भाग पाणी घेऊन ढवळून अर्धा तास थांबलो असतो तर तात्यांच्या शेतात त्याच दिवशी ८.३ कळलं असतं. पण मीटर मिनिटात आकडा देत होतं ना! इथे मला फसवणाऱ्यापेक्षा माझाच राग येतो.

रंगांचं पुस्तक मी आमच्या निवृत्त सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान उलटलं आणि हसायलाच लागले. मातीच्या रंगांना क्रमांक देणाऱ्या मुन्सेल पद्धतीच्या खऱ्या पुस्तकात रंगाच्या प्रत्येक चौकोनाची वेगळी रंगवलेली चकती चिकटवलेली असते आणि चकत्यांच्या मध्ये भोकं असतात. भोकामागे मातीचा ढेकूळ धरायचा आणि जुळणारी चकती शोधायची. माझ्या पुस्तकात भोकांच्या जागी काळे गोल छापलेले होते! कोणीतरी खऱ्या पुस्तकाची रंगीत झेरॉक्स काढली होती, भोकांसकट. सरांनी भिंग दिलं, प्रत्येक चौकोनात छपाईचे ठिपके दिसत होते. आपली काळी माती १०वायआर ३/१ की ३/२, एवढ्या बारीक फरकावर हे काम चालतं, आणि झेरॉक्समध्ये तर तेवढे रंग नेमके उतरतच नाहीत. खरं पुस्तक महाग असतं. परवडत नसेल तर माती ओली करून ‘काळी’, ‘तांबूस करडी’ असं सरळ लिहा, पण झेरॉक्सवरून क्रमांक देऊ नका, असं सर म्हणाले.

राहिला पेन ड्राइव्ह. त्यातली पुस्तकं म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची जमीन वर्गीकरणाची आणि शेतात नोंदी कशा घ्यायच्या याची मार्गदर्शकं, जी त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळतात. ‘प्रत्येक गटाची माती’ म्हणून दिलेला नकाशा सॉईलग्रिड्सचा निघाला. नेदरलँड्समधली आयएसआरआयसी ही संस्था तो तयार करते आणि फुकट देते. त्याचा एकेक चौकोन २५० मीटर बाय २५० मीटरचा. म्हणजे सव्वासहा हेक्टर, सुमारे साडेपंधरा एकराला एक आकडा, तोही जगभरच्या नमुन्यांवरून संगणकाने बांधलेला अंदाज. तात्यांचा मुरूम आणि नाल्याकडची काळी एकाच चौकोनात. त्या संस्थेने कधी म्हटलंच नाही की यावरून गट नंबर बघा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे राज्याचे नकाशेसुद्धा १:२,५०,००० प्रमाणाचे आहेत, नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. जिल्ह्याचं चित्र समजायला ते उत्तम. चार एकरांसाठी खड्डाच खणावा लागतो.

पैशांचं म्हणाल तर, स्टॉलवाल्याचा फोन आठवडाभर वाजला, मग बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेने सांगितलं की तुम्ही स्वतःच्या हाताने भरलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न होता: विक्रेत्याचं नाव-पत्ता? वकील मित्र म्हणाला की ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, तक्रार आपण राहतो तिथे करता येते आणि मुदत दोन वर्षांची. पण नोटीस पाठवायची कुठे? प्रदर्शनाच्या आयोजकांकडे स्टॉलधारकाचा पत्ता मागितलाय. तीनदा गेलो, तीनदा चहा मिळाला.

तात्यांना फी परत केली. घेत नव्हते, मग घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात तीन ठिकाणी खड्डे खणले, माथ्यावर, मध्यात आणि नाल्याजवळ, आणि थरवार नमुने प्रयोगशाळेत दिले. मधल्या खड्ड्यात दोन फुटांवर चुन्याचे पांढरे खडे हातानेच वेचता आले. त्यासाठी कुठलंच मीटर लागलं नाही. तात्या काठावर बसून बघत होते. म्हणाले, ‘हे आधीच खणलं असतं तर?’

मीटर, पुस्तक, बाटली आणि पेन ड्राइव्ह पुरावा म्हणून पेटीत तसेच ठेवलेत. गिरमिट आणि पेन तेवढं बाहेर काढलंय.