पाळीआधीचे ते आठ-दहा दिवस: मनाची गोळी की संततिनियमनाची?

तारीख जवळ आली की चिडचिड बहुतेकींची होते. पण क्षुल्लक कारणावरून घर डोक्यावर घ्यावं, राजीनामा लिहून ठेवावा, जगणंच नको वाटावं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत 'हे सगळं मीच केलं?' असं वाटावं, तर तो पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडण्याचा आजार) असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून हा स्वतंत्र आजार आहे. हार्मोन्सचे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतात. नेहमीच्या चढउतारांनाच मेंदू वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतो. म्हणून रक्ततपासणीपेक्षा दोन महिन्यांची लक्षणांची रोजची नोंदवही डॉक्टरांना जास्त सांगते.

औषधांत मुख्यतः दोन वाटा समोर येतात.

पहिली, फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी. नाव ऐकूनच घरात 'वेडाची औषधं' सुरू होतं, ते सोडून द्या. नैराश्यात हिचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत अनेकींना काही दिवसांतच फरक जाणवतो. त्यामुळे ती रोज न घेता पाळीआधीचे साधारण १४ दिवसच घेता येते. पाळी अनियमित असेल तर हे गणित चुकतं, मग रोजच घ्यावी लागते. मळमळ, झोपेत बदल, कामेच्छा कमी होणं हे त्रास संभवतात. बायपोलरचा (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटूनपालटून येणाऱ्या आजाराचा) इतिहास असेल तर आधी सांगाच.

दुसरी, ड्रोस्पायरेनोन हे हार्मोन असलेली संततिनियमनाची गोळी, २४ दिवस औषधाची आणि ४ दिवस कोरी. गर्भनिरोधनही हवं असेल तर एका गोळीत दोन्ही साधतं. मात्र रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून येणारी मायग्रेन असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर ही वाट बंद. काहींचा मूड हार्मोन्सच्या गोळ्यांनी उलट बिघडतो. आणि गणपतीत घेतात ती पाळी पुढे ढकलायची गोळी वेगळी, या आजारावरचा तो उपाय नव्हे.

मूल लवकर हवं असेल तर दुसरा पर्याय आपोआप बाद होतो. तसं नसलं तरी मी पहिल्या वाटेपासूनच सुरुवात करेन: दोन-तीन महिन्यांत उपयोग कळतो. समुपदेशन कोणत्याही वाटेवर सोबत चालतं.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र नोंदवही भरायची वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.