काम अडलंय? सेवा हक्क, माहिती अधिकार, लोकशाही दिन की रिट

महापालिकेत किंवा तहसील कार्यालयात दिलेला अर्ज हलत नसेल, तर नाशिककराला चार वाटा मोकळ्या आहेत. चारही वाटांनी सरकारला जाब विचारता येतो, पण प्रत्येकीचं बळ वेगळ्या ठिकाणाहून येतं. लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर तक्रार मांडायचा महिन्यातला ठरलेला दिवस, शासन निर्णयावर उभा आहे, सेवा हक्क आणि माहिती अधिकार विधिमंडळ-संसदेच्या कायद्यांवर, आणि रिट, म्हणजे सरकारला आदेश द्यावा म्हणून उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका, थेट संविधानावर. वाट निवडताना हे आधी पाहावं.

दाखला, नोंद, परवाना अशी ठरलेली सेवा हवी असेल तर आधी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 कडे जावं. अट एवढीच की ती सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली अधिकृतपणे जाहीर केलेली असावी. सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) कोण, हे कार्यालयाने फलकावर लावायचंच असतं. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी 60 दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. प्रकरण फसतं ते बहुधा पोचपावतीपाशी. टेबलावर नुसता ठेवून आलेल्या अर्जाला क्रमांकही नसतो आणि तारीखही, मग मुदत मोजायची कुठून? शिवाय मुदत धरतात ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणून ‘कागद कमी आहे’ असं तोंडी सांगितलं, तर त्रुटी लेखी मागावी.

माहिती अधिकाराने काम होत नाही, कागद मिळतो. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी अर्ज वाया जातात. ‘माझं काम का झालं नाही?’ या प्रश्नाला माहिती अधिकाऱ्याने कारण शोधून द्यायचं नसतं. जे अभिलेखात आहे तेवढंच द्यायचं असतं. त्याऐवजी असं मागावं: अमुक क्रमांकाच्या अर्जावरील नस्तीच्या (फाइलच्या) टिपण्यांच्या प्रती, नस्ती कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून आहे, आणि विहित मुदत किती. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत, शुल्क 10 रुपये. उत्तर 30 दिवसांत. न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्यावरही समाधान झालं नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, पण तिथे सुनावणीची बरीच वाट पाहण्याची तयारी हवी. नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस, रेल्वे, पासपोर्ट हे केंद्राचे विषय. तिथे कोर्ट फी स्टॅम्पऐवजी पोस्टल ऑर्डर जोडावी, आणि राज्याचा सेवा हक्क कायदा तिथे चालत नाही.

लोकशाही दिनाला खर्च नाही आणि वरिष्ठ अधिकारी समोर असतो. महापालिकेचा आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी, विभागीय आयुक्तांचा दुसऱ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक हवी. न्यायप्रविष्ट, अपिलातली किंवा कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक प्रकरणं घेत नाहीत. महापालिकेचं गाऱ्हाणं जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊ नये. महापालिका ही स्वतंत्र स्थानिक स्वराज्य संस्था आहे, तिचे आयुक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली नसतात. इथे ना अपिलाची साखळी, ना दंड. आमच्या मते दोन खात्यांच्या मध्ये अडकलेल्या कामालाच ही वाट खरी उपयोगी पडते.

रिट शेवटी. अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय मूलभूत हक्कांसाठी आणि इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकतं. अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालयात फक्त मूलभूत हक्कांसाठी जाता येतं. न्यायालयांचे हे दोन्ही अधिकार घटनादुरुस्तीनेही काढून घेता येत नाहीत, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1997 मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात ठरवलं. 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या दारात बसलेल्या सत्याग्रहींच्या हाती असं एकही कलम नव्हतं. म्हणूनच ही वाट मोलाची, पण ती जपून वापरावी. कायद्यात अपिलाची सोय असताना थेट आलात तर न्यायालय बहुधा ‘आधी तिकडे जा’ म्हणतं. नाशिकसाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबईचं मुख्य पीठ, छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ नव्हे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना पोचपावती, अपिलांचे निकाल आणि माहिती अधिकारात मिळालेल्या टिपण्या तारखेनुसार लावून न्याव्यात.