आठ महिन्यांनंतर: डीडीआर५-६००० सीएल३० आणि तो काळा पडदा

३२ जीबी रॅम, म्हणजे १६ च्या दोन स्टिक (पट्ट्या), टायमिंग (किती क्लॉक थांबावं लागतं; पहिला आकडा म्हणजे सीएल) ३०-३८-३८-९६, १.३५ व्होल्ट, एएम५ (एएमडी रायझनच्या) बोर्डाच्या ए२ आणि बी२ स्लॉटमध्ये. वेगाबद्दल तक्रार नाही. एक्स्पो (बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, असलेलं रॅमच्या वेगाचं तयार प्रोफाइल) मात्र आठवणीने चालू करावं लागतं, नाहीतर रॅम ४८०० वर रेंगाळते आणि जास्तीचे पैसे पाण्यात. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ६००० ऐवजी ३००० दिसलं तर दचकू नका, दर क्लॉकला दोनदा डेटा जातो.

राग आहे तो सुरू होण्याच्या वेळेवर. बटण दाबल्यावर चाळीस सेकंद काळा पडदा! एवढी वेगवान एसएसडी लावून काय उपयोग? हे मेमरी ट्रेनिंग: बोर्ड प्रत्येक सिग्नलची वेळ नव्याने जुळवत बसतो. सेटिंग बदलल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायॉसची सेटिंग पुसल्यावर) तर काही मिनिटंही लागतात. तेवढ्यात मशीन बंद पडलं समजून प्लग काढू नका, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

दुसऱ्या महिन्यात इथेच लिहिलं होतं, ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर एनेबल करा, विषय संपला.’ ते मत मागे घेतो. या सेटिंगमुळे आधीच्या ट्रेनिंगचे आकडे परत वापरले जातात आणि पडदा पंधरा सेकंदांत हटतो, हे खरं. पण ‘पॉवर डाउन एनेबल’ (रिकाम्या वेळी रॅमला वीजबचतीत नेणारी सेटिंग) बंद राहिलं तर कधीतरी, कामाच्या ऐन मध्यावर निळा पडदा येतो, म्हणजे विंडोज क्रॅश होतं. दोन्ही एनेबल हवीत, ऑटोवर भरवसा नको. लेटन्सी (रॅमकडून डेटा यायला लागणारा वेळ) किंचित वाढते, ती सोसा. बायॉस अपडेट केल्यावर ही सेटिंग बहुधा मूळपदावर जातात, तेव्हा आधी फोटो काढून ठेवा.

दुसरा धडा टीआरईएफआयचा, म्हणजे रॅम ताजी करण्यामधल्या अंतराचा. रॅममधला चार्ज गळतो म्हणून तो ठरावीक अंतराने ताजा करावा लागतो. डीडीआर५ मध्ये हे अंतर ३.९ मायक्रोसेकंद, म्हणजे ६००० वर ११,७०० क्लॉक. ते ५०,००० केलं की लेटन्सी कमी होते, फुकटात. पण रॅम तापली की चार्ज जास्त वेगाने गळतो. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही पास स्वच्छ आणि गेममध्ये तासाभरात क्रॅश, असं का? कारण मेमटेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असतं. टेस्टमेम५ (विंडोजमधली रॅम-चाचणी) आणि ग्राफिक्सचा लोड एकदम चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान बघत राहा. टीआरईएफआय सध्या २३,४०० वर स्थिर आहे. डीडीआर५ च्या ऑन-डाय ईसीसीवर (चिपमधल्या चूक-दुरुस्तीवर) विसंबू नका, ते चिपच्या आतल्या चुका सुधारतं, चिप ते सीपीयू या वाटेवरच्या नाही.

एसओसी व्होल्टेजही तपासा, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज. प्रोसेसर जळाल्याच्या प्रकारांनंतर एएमडीने २०२३ मध्ये १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एक्स्पो ते वर नेऊन ठेवतं, इथे १.२० पुरतं. ०.०२ ने उतरवा आणि दर वेळी टेस्ट करा.

६४०० साठी खिसा हलका करू नका. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद आणि ६४०० सीएल३२ म्हणजेही १०. शिवाय मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर घसरला तर उलट तोटाच. आणि पुढे याच जोडीत आणखी दोन स्टिक घालायचा बेत असेल तर थांबा: रायझन ७००० ला चार स्टिकसाठी अधिकृत वेग ३६०० आहे. ६४ जीबी हवी असेल तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या.