महिनेवारी बाग-देखभाल सेवा : लॉन छान, बाकी बागेचं वाटोळं

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे-पुढे मिळून पाऊण गुंठ्याची बाग. लॉन, दोन पारिजातक, एक साई सरबती लिंबू, जास्वंदी, कुंड्यांत मिरच्या आणि मांडवावर माझ्या माहेरचा द्राक्षवेल. वेल नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी निफाडहून आणून स्वतःच्या हातांनी लावलाय. डॉगरिज या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या खोडावर, कलम केलेलं थॉमसन जातीचं द्राक्ष. एरवी बाग मीच बघते. पण गेल्या वर्षी जुलैमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला महिनाभर जायचं होतं आणि घरी सासूबाई एकट्या. म्हणून ॲपवरून बुकिंग घेणाऱ्या एका कंपनीची महिनेवारी सेवा घेतली. महिन्याला चार फेऱ्या, 2,800 रुपये, तीन महिन्यांचे 8,400 आगाऊ. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे.

आधी चांगलं ते सांगते. माणूस ठरल्या वेळी यायचा. विशी-बाविशीचा मुलगा, बोलायला गोड, सासूबाईंना आजी म्हणायचा, जाताना ओटा झाडून जायचा. लॉन इतकं समतल आमच्याकडे कधीच नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर ॲपवर आधीचे आणि नंतरचे फोटो यायचे. नुसतं लॉन असलेल्यांनी एवढं वाचून ही सेवा घेतली तरी माझं काही म्हणणं नाही. ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांनी मात्र पुढचं वाचा.

दुसऱ्या फेरीचे फोटो आले तेव्हा मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसले होते. फोटोत पारिजातकाच्या जागी कमरेएवढे दोन खुंट उभे. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या घरचे फोटो आले. मग मागची आमची निळी टाकी दिसली. पारिजातकाला फूल येतं ते नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर, श्रावण-भाद्रपदापासून पुढे. जुलैत झाड असं सपाट केलं की त्या वर्षाचा बहर गेला. सासूबाईंनी त्या वर्षी प्राजक्ताचा लक्ष वाहायचं धरलं होतं. पहाटे उठून सड्यावर पडलेली फुलं वेचायची, मोजून देवाला वाहायची. मी फोन केला तर सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यात छाटणी केलेली चांगलीच असते." कुठल्या झाडाची, हे त्यांनी विचारलंच नाही. मी फोनवर सांगितलं आणि मेसेजही केला, की यापुढे लॉन सोडून कशालाही हात लावायचा नाही. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे."

3 ऑगस्टला परत आले. बॅग ओट्यावर ठेवली आणि तशीच मागे गेले. मांडवाखाली उभी राहिले तर वेलाचं काहीतरी वेगळंच दिसत होतं. पानं हिरवी होती, रोग म्हणावा तर डाग नाही, भुरी नाही, अळीने खाल्लेलं नाही. पण नवं पान एकही नीट नाही. द्राक्षाचं पान तळहाताएवढं पसरट असतं. ही पानं रुपयाएवढी, कडेला करवतीसारखे टोकदार दाते, मिटलेल्या पंख्यासारखी आखडलेली. शेंडे वळून खाली लोंबत होते. जास्वंदीची पानं वाटीसारखी उलटी झाली होती, मिरच्यांचे शेंडे पिळल्यासारखे.

मी नानांना व्हिडिओ कॉल लावला. नानांचं वय 81, पन्नास वर्षं द्राक्ष केलंय त्यांनी. ते म्हणाले, "एक पान तोड आणि उन्हाकडे धर." मी धरलं. पानाच्या शिरा जाड, पांढरट, आणि देठापासून फणीच्या दातांसारख्या शेजारी शेजारी सरळ गेलेल्या. चांगल्या पानात शिरांची जाळी असते, ती जाळीच नव्हती. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टू-फोर-डी आहे गं. पंप कुणाचा होता?"

द्राक्षाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. टू-फोर-डी हे रुंद पानांचं तण मारणारं औषध. गवताला ते फारसं काही करत नाही, म्हणून लॉनमधलं तण काढायला वापरतात. द्राक्ष, कापूस, टोमॅटो, मिरची यांना मात्र त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. पंपात, नळीत, नोझलमध्ये तळाशी राहिलेलं थोडंसं औषधही पुरतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा, दुसऱ्या फवारणीला तो वापरायचा नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. नानांच्या शेडमध्ये त्या पंपाला लाल रंगाचा पट्टा मारलेला असायचा आणि तो बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या खुंटीला टांगलेला असायचा.

शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांनी गच्चीतून पाहिलं होतं. उघडीप होती त्या दिवशी मुलाने सकाळी लॉनवर फवारलं आणि थोड्या वेळाने तोच पंप पाठीवर घेऊन मांडवावर, जास्वंदीवर, कुंड्यांवर फवारत फिरला. मी लॉन सोडून कशाला हात लावू नका म्हणून कळवलं होतं, त्यानंतरची ही गोष्ट.

पुढच्या फेरीला तो मुलगा आला तेव्हा मी त्याला बसवून चहा दिला आणि विचारलं. त्याने काही लपवलं नाही. "ताई, सकाळी गवताचं मारलं. मग बुरशीचं मारायला सांगितलं होतं. पंपात एकदा पाणी फिरवलं होतं मी." गवताचं म्हणजे कुठलं औषध? त्याने पिशवीतून बाटली काढून दाखवली. पिण्याच्या पाण्याची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली, तळाशी तपकिरी पाणी, लेबल नाही. सुपरवायझर सकाळी गोडाऊनवर मोठ्या कॅनमधून असं भरून देतात म्हणाला. किती टाकायचं, तर एका पंपाला दोन झाकणं. झाकण कशाचं, तर याच बाटलीचं. त्याच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला काही बांधलेलं नव्हतं, पायात स्लीपर. माझ्या बागेचं मला वाईट वाटतच होतं, पण ती बाटली बघून पोटात गोळा आला. तहानेच्या भरात कुणी उचलली असती तर? आमच्या ओट्यावर ती बाटली ठेवलेली असताना सासूबाई तिथेच भाजी निवडत बसतात.

त्याच दिवशी लिंबाचंही कळलं. खोडाभोवती कापलेल्या गवताचा ढीग नीट रचून ठेवला होता. मी म्हटलं आच्छादन केलंय, बरं झालं. हाताने बाजूला सारलं तर जमिनीपासून चार बोटांवर खोडाची साल गोल निघालेली. ग्रास कटरची नायलॉनची दोरी खोडाला घासत घासत फिरली होती, एकदा नाही, प्रत्येक फेरीला. आतलं लाकूड वाळून तपकिरी झालेलं, कडेला डिंक आलेला. मी टेप लावला. खोडाचा घेर 31 सेंटिमीटर, त्यातली 24 सेंटिमीटर साल गेलेली. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे सालीतूनच उतरतं. साल पूर्ण गोल निघाली की झाड महिनोन्महिने वरून हिरवं दिसतं आणि खाली मुळं उपाशी मरतात. आमच्या लिंबाची सात सेंटिमीटरची पट्टी शिल्लक होती, त्या पट्टीवर ते उभं होतं. ढीग कशासाठी रचला होता ते मी त्याला विचारलं नाही. तो खाली मान घालून उभा होता.

उपाय काय केले ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. लिंबाची सैल साल धारदार चाकूने कडेने साफ केली आणि बोर्डो पेस्ट लावली. प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मला थोडीच हवी होती म्हणून 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि एक लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचे, लोखंडी भांडं घ्यायचं नाही, मग एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. वेलाच्या बाबतीत नाना म्हणाले, छाटू नको, वेलाला ताण पडू देऊ नको, पाणी आणि हलकं खत दे, नव्या पानांची वाट बघ. मिरच्या उपटून टाकल्या. त्यांची फळं खायची माझी हिंमत झाली नाही.

आता कंपनीबद्दल. चूक कुणाकडूनही होते, हे मी मनापासून म्हणते. त्या मुलाला झाडं कुणी शिकवलीच नव्हती. तो आधी लॉन कापायच्या टोळीत होता आणि ॲपवर मात्र "प्रशिक्षित माळी" म्हणून त्याचा फोटो. माझी खरी तक्रार पुढच्या वागण्याची आहे. मी लेखी एकच प्रश्न विचारला, पंपात कोणतं औषध होतं, त्याचं नाव आणि प्रमाण सांगा. पहिलं उत्तर, पाणी जास्त झालंय. दुसरं, व्हायरस आहे, सध्या सगळीकडे आलाय. तिसऱ्यांदा विचारलं तर 500 रुपयांचं कूपन आणि सहा हंगामी रोपं मोफत देऊ म्हणाले. नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. अहो, घरात म्हातारं माणूस आहे, दारात शेजारची मुलं खेळतात, त्या अंगणात तुम्ही काय ओतलंत हे विचारायचा मला हक्क नाही का? नानांसारखं ओळखणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. ज्यांच्याकडे नसेल ते व्हायरस समजून आणखी फवारण्या करून घेतील, त्यासुद्धा याच कंपनीकडून.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. फोटो, मेसेज, पैसे भरल्याची पावती, टेप लावलेल्या खोडाचा फोटो, सगळं जोडलं. त्या मेसेजचा फार उपयोग झाला, कारण लॉन सोडून कशालाही हात लावू नका असं लेखी होतं. नुसतं फोनवर सांगितलं असतं तर माझ्याकडे दाखवायला काही नसतं. त्यानंतर व्यवस्थापकांचा फोन आला आणि दोन महिन्यांचे 5,600 रुपये परत मिळाले. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हेही मला त्याच काळात कळलं.

त्याच फोनवर व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आम्ही त्या पोराचा पगार कापलाय, तुमचं समाधान होईल." माझं डोकं फिरलं. बाटली भरून दिली सुपरवायझरने, पंप एकच दिला कंपनीने, मोजे दिले नाहीत कंपनीने, आणि पैसे कापले त्या पोराचे? मी सांगितलं, त्याचे पैसे त्याला परत दिल्याचं मला कळल्याशिवाय मी तक्रार मागे घेणार नाही. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला, "ताई, पैसे मिळाले." आता तो मखमलाबादकडच्या एका नर्सरीत काम करतो. मधे एकदा येऊन लिंबू बघून गेला. स्वतःहून खोडाभोवती हातभर जागा खुरप्याने मोकळी करून दिली, तिथे मशीन आणायचंच नाही म्हणाला.

सध्या महिन्यातून दोनदा एक मावशी येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कात्री काढायच्या आधी मला विचारलं, "या पारिजातकाला फुलं कधी येतात तुमच्याकडे?" मी त्यांना तिथल्या तिथे कामावर ठेवलं. फवारणी असेल तर आमचा पंप, आमचं औषध, लेबल वाचून, मी उभी असताना.

पारिजातकाला फुटवे आले, पण त्या वर्षी फूल नाही. सासूबाईंचा लक्ष अठरा हजारांवर थांबला होता, तोही शेजारच्या घरांतून फुलं आणून. लिंबाच्या जखमेच्या कडेने नवी साल पेन्सिलीएवढी आत सरकली आहे. वरची एक फांदी वाळली, ती काढली. वेलाची ऑक्टोबरची छाटणी नानांनी स्वतः येऊन केली, खुर्चीवर बसून, मला फांदी फांदी दाखवत. एरवी शंभराच्या आसपास घड धरतात. या वेळी 23.

गुण द्यायचे तर पाचपैकी एक, तो लॉनसाठी आणि वेळेवर येण्यासाठी. माझ्या दोन मागण्या कंपनीकडे अजून उभ्या आहेत. प्रत्येक फवारणीनंतर औषधाचं नाव आणि प्रमाण ॲपवर ग्राहकाला दिसलं पाहिजे आणि तणनाशकाचा पंप वेगळा असला पाहिजे. गेल्या महिन्यात पुन्हा मेल केला आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.